पिस्टनवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यावी का? टेक्सासच्या शेतासाठी आणि जांबोटीच्या रानासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर बेळगावजवळच्या जांबोटीकडचे, आता ग्रीन कार्डावर टेक्सासमध्ये स्थायिक, सॅन अँटोनिओच्या बाहेर थोडी जमीन घेतली आहे आणि तिथे रानडुकरांनी उच्छाद मांडला आहे. सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायची ठरली. दुकानदार म्हणतो पिस्टनवाली घ्या, ती कधी अडकत नाही. मित्र म्हणतो साधी एआर-१५ (पिस्टनचा दांडा नसलेली, अमेरिकेत सर्रास मिळणारी रायफल) पुरते, दुप्पट पैसे कशाला? आणि शेवटी तुम्ही विचारले आहे की, गावी रताळी आणि भात डुकरे ठेवत नाहीत, तर अशीच रायफल वडिलांना मिळेल का?

उत्तर आधी देतो. टेक्सासमध्ये सायलेन्सर लावून रात्रीची शिकार करणार असाल, तर पिस्टनचा खरा फायदा होईल. तसे नसेल तर साधी, चांगल्या बनावटीची एआर घ्या आणि उरलेले पैसे काडतुसे, मॅगझिन आणि रेंजवर घाला. वडिलांसाठी मात्र उत्तर नाही असे आहे, आणि त्याची कारणे नीट समजून घ्या, कारण त्यात तुमच्या घरच्यांवर गुन्हा दाखल होण्याचा धोका आहे.

मी फौजेच्या ईएमईत, म्हणजे दुरुस्ती शाखेत, आर्मरर म्हणजे हत्यारांचा कारागीर होतो. पायदळाच्या पलटणींबरोबर राहून एसएलआर, इन्सास आणि एके दुरुस्त केल्या. एआरच्याच कुळातल्या एम-४ प्रकारच्या लष्करी कार्बाइनही टेबलावर खोलून पाहायला मिळाल्या. आता बेळगावात परवानाधारकांच्या बंदुका तपासून देण्याचे काम करतो. त्यामुळे पिस्टनच्या बाजूने बोलायला मला कुणी शिकवावे लागत नाही. माझी सगळी नोकरीच पिस्टनवर गेली. तरीही दुकानदाराचे वाक्य मला मान्य नाही.

मुळात फरक काय ते बघू. बार उडाला की गोळी नळीतून पुढे धावते आणि तिच्या मागे जळलेल्या बारूदाचा तापलेला वायू असतो. नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असते. गोळी ते भोक ओलांडते तेव्हा थोडा वायू त्यातून वर घुसतो, आणि त्याच्याच जोरावर बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या त्याच्या जागेत, चढते. इथपर्यंत दोन्ही प्रकार सारखे. पुढे त्या वायूचे काय करायचे, यात फरक पडतो.

पिस्टनच्या रायफलीत वायू नळीच्या वरच्या छोट्या सिलिंडरमध्ये जातो आणि तिथला दांडा मागे ढकलतो. हा दांडा बोल्ट कॅरिअरला, म्हणजे बोल्ट धरून पुढे-मागे पळणाऱ्या भागाला, कायमचा जोडलेला असेल आणि त्याच्याबरोबर शेवटपर्यंत मागे जात असेल, तर तो लाँग स्ट्रोक. अमेरिकेची एम-१ गॅरंड, रशियाची एके आणि आपली इन्सास या घराण्यातल्या. दांडा नुसता एक ठोसा देऊन जागेवर परतत असेल तर तो शॉर्ट स्ट्रोक. आपली जुनी एसएलआर, म्हणजे बेल्जियमच्या एफएएल रायफलीची इशापूरला बनलेली आवृत्ती, ही तशी. जर्मनीची एचके-४१६ आणि बाजारातल्या बहुतेक पिस्टन-एआर त्याच पद्धतीच्या.

यूजीन स्टोनरने एआर-१५ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे वरचा दांडा नाही. एका बारीक नळीतून वायू थेट मागे बोल्ट कॅरिअरच्या पोटात येतो आणि बोल्ट व कॅरिअर यांच्यामधल्या पोकळीत फुगून कॅरिअरला मागे ढकलतो. नीट पाहिले तर तिथे बोल्टच पिस्टनचे काम करतो, पण बोलण्यात सगळे तिला बिनपिस्टनची म्हणतात, मीही तसेच म्हणेन. चुलीचा धूर धुराड्यातून बाहेर काढायचा की माजघरात सोडायचा, एवढाच हा प्रश्न आहे. पिस्टनवाली धूर पुढच्या पुढे सोडते. एआर तो आत घेते, आणि आत घेते म्हणूनच ती हलकी, सरळ आणि नेमकी आहे. एक मिळवायला दुसरे सोडावे लागते.

आता फायदे. पहिला फायदा हाताला लगेच कळतो. भरपूर गोळ्या झाडून झाल्यावर पिस्टनच्या रायफलीचा बोल्ट बाहेर काढा, तो तुलनेने थंड आणि कोरडा असतो. एआरचा बोल्ट तापलेला आणि काजळीने माखलेला निघतो. तापलेल्या बोल्टवरचे तेल लवकर उडते, स्प्रिंगा आणि पुंगळी ओढून काढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, लवकर दमतात. सफाई करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

दुसरा फायदा रेग्युलेटरचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत कामाचा. बऱ्याच पिस्टन रायफलींवर वायू कमी-जास्त करण्याची सोय असते. एसएलआरवर ती होती. वायू कमी पडला तर पुंगळी पुरती बाहेर पडत नाही, जास्त झाला तर बोल्ट आदळतो आणि खांद्याला विनाकारण मार बसतो. हवामान, काडतुसाचा लॉट, साचलेली घाण यांप्रमाणे रेग्युलेटर फिरवून रायफल पुन्हा सुरळीत करता येते. तुमच्या कामात हीच सोय सायलेन्सरसाठी उपयोगी पडेल. सायलेन्सर लावला की नळीतला दाब जास्त वेळ टिकतो, मागे येणारा वायू वाढतो, बोल्ट वेगाने फिरतो आणि साध्या एआरमध्ये तो वायू नेमबाजाच्या डोळ्यात, नाकात येतो. पिस्टनवाल्या रायफलीत रेग्युलेटर एक खाच कमी केला की बोल्टचा वेग ताब्यात येतो. तोंडावर वायू अजिबात येणार नाही असे मात्र नाही. बोल्ट उघडला की नळीतून थेट मागे येणारा वायू असतोच, त्याला पिस्टन काही करू शकत नाही. त्रास कमी होतो, संपत नाही. शिवाय साध्या एआरवरही आता वायू कमी-जास्त करणारा गॅस ब्लॉक बसवून मिळतो. त्याने यातला बराचसा फायदा फार थोड्या पैशांत मिळतो. दुकानदाराने हे सांगितले नसेल, म्हणून मी सांगतो.

तिसरा फायदा आखूड नळीचा. नळी आखूड झाली की वायू घेण्याचे भोक चेंबरच्या जवळ येते, तिथे दाब जास्त असतो आणि वेळ कमी. साधी एआर तिथे नाजूक होते, पिस्टन ते जास्त सहन करतो. पण १६ इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलीला अमेरिकेत केंद्राची वेगळी नोंदणी लागते, आणि सायलेन्सरलाही लागते. शेतावरच्या कामाला १६ इंची नळी उत्तम, त्यामुळे हा फायदा तुमच्यासाठी जवळजवळ कागदावरचाच.

आता ते 'कधी अडकत नाही'. हे वाक्य जिथून आले ती हकिगत तुम्हाला माहीत असलेली बरी. २००७ मध्ये अमेरिकी लष्कराने मेरीलँडमधल्या अॅबरडीन इथे धुळीची कडक चाचणी घेतली. प्रत्येक प्रकारच्या १० रायफली, प्रत्येकीतून ६,००० गोळ्या, म्हणजे एका प्रकाराला ६०,०००. पिस्टनच्या तीन रायफलींपैकी एक्सएम-८ चे १२७ अडथळे आले, स्कारचे २२६ आणि एचके-४१६ चे २३३. बिनपिस्टनच्या एम-४ चे ८८२. आकडा ऐकला की माणूस लगेच पिस्टनकडे वळतो. पण त्याच आकड्यांच्या पोटात शिरा. ६०,००० मध्ये ८८२ म्हणजे शंभरामागे दीड. एम-४ च्या ८८२ पैकी २३९ अडथळे मॅगझिनमुळे आले होते, त्यांच्याशी वायूचा संबंध नाही. आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात झालेल्या तशाच चाचणीत एम-४ चे अडथळे ३०७ होते. बंदूक तीच, धूळ तीच, आणि आकड्यात जवळजवळ तिप्पट फरक. धुळीत पिस्टन सरस ठरला, हे मी नाकारत नाही. पण ती चाचणी ज्या धुळीत झाली, तशा धुळीत तुमची रायफल एकदाही जाणार नाही.

एआरची बदनामी व्हिएतनामपासूनची आहे. १९६६-६७ मध्ये एम-१६, म्हणजे एआरचेच लष्करी रूप, जवानांच्या हातात अडकल्या, माणसे मेली, अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. त्या चौकशीत दोष वायूच्या पद्धतीवर थांबला नाही. बारूद बदलले होते आणि त्यामुळे बोल्टचा वेग वाढला होता, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि रायफलीला सफाई लागत नाही अशा समजुतीत जवानांना सफाईचे सामान पुरेसे दिले नव्हते. हे तिन्ही सुधारल्यावर तीच पद्धत पुढे अनेक दशके चालली. आपल्याकडेही इन्सासबद्दल ज्या तक्रारी गाजल्या त्यात थंडीत तडे जाणाऱ्या प्लास्टिकच्या मॅगझिनची तक्रार मोठी होती, आणि इन्सास तर पक्की पिस्टनवाली.

टेबलावर आलेल्या अडकलेल्या रायफलींबद्दल माझा अनुभव हाच. आधी मॅगझिन बघायचे: ओठ वाकलेत का, स्प्रिंग थकली का, तळात माती आहे का. मग काडतूस, मग चेंबर, मग एक्स्ट्रॅक्टर. वायूच्या भागापर्यंत पोचायची वेळ कमीच येते. आणि पोचलो तरी दोष बहुधा हाताचा निघतो. एसएलआरच्या गॅस प्लगला दोन बाजू असतात. एका बाजूने बसवला तर वायू पिस्टनकडे जातो, दुसऱ्या बाजूने बसवला तर ग्रेनेड फेकण्यासाठी तो बंद होतो. सफाईनंतर प्लग उलटा बसला की जवान प्रत्येक गोळीला कॉकिंग हँडल ओढत बसतो आणि रायफल खराब झाली म्हणून कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, परत आणतो. पिस्टन मजबूत आहे, पण तो भागांची संख्या वाढवतो. आणि जितके भाग जास्त, तितक्या चुकीच्या जोडण्या जास्त.

इथून तोटे सुरू होतात. मूळ एआरमध्ये बोल्टवरचा जोर मधल्या रेषेत, नळीच्या समोर असतो. म्हणून ती झाडताना खांद्यावर सरळ बसते आणि पटकन पुन्हा नेम धरता येतो. पिस्टन वरच्या बाजूने ढकलतो. एआरचे मूळ शरीर तसेच ठेवून त्यात पिस्टन घुसवला की कॅरिअरची शेपटी खाली दबते आणि मागच्या बफर ट्यूबच्या, म्हणजे दस्त्यातल्या स्प्रिंगच्या नळीच्या, तोंडाला घासते. चांगल्या कारखान्यांनी कॅरिअरची मागची बाजू बदलून यावर उपाय केला आहे, पण घरी बसवायच्या रूपांतर-किटमध्ये हा दोष अजून दिसतो. किट घेऊ नका, हे ठामपणे सांगतो. पिस्टन हवाच असेल तर मुळातच पिस्टनभोवती बांधलेली रायफल घ्या: एके पद्धतीची, रुगर मिनी-१४, सिग एमसीएक्स, झेक बनावटीची ब्रेन-२, इस्रायली टॅव्हॉर. त्यांचे शरीरच त्या जोरासाठी घडवलेले असते.

दुसरा तोटा वजनाचा, आणि वजनापेक्षा ते कुठे आहे याचा. दांडा, सिलिंडर, रेग्युलेटर सगळे नळीच्या पुढच्या भागावर बसते. वर सायलेन्सर, वर रात्रीची थर्मल दुर्बीण. अशी रायफल धरून रात्री उभ्याने डुकराची वाट बघणे म्हणजे डाव्या हाताची परीक्षा. दुकानात दोन मिनिटे खांद्याला लावून हे कळत नाही. ओळखीच्या कुणाची तरी अर्धा तास हातात धरून बघा.

नेमाविषयी फार लिहीत नाही. पुढे-मागे पळणारे वजन जास्त आणि नळीवर लटकलेले भाग जास्त, म्हणून उत्तम एआर ही उत्तम पिस्टनवालीपेक्षा थोडी नेमकी निघते. शंभर यार्डांवरच्या डुकराला तो फरक कळणार नाही.

सुट्या भागांचा तोटा मात्र गंभीर आहे. साध्या एआरचे भाग जवळजवळ सगळ्या कारखान्यांचे एकमेकांना चालतात. बोल्ट तुटला, दुसऱ्या कंपनीचा आणला, हेडस्पेस (बोल्ट आणि चेंबरमधले अंतर) तपासला, काम झाले. पिस्टनच्या भागांना तसे एकच प्रमाण नाही. एका कंपनीचा दांडा दुसरीला लागत नाही. कंपनीने मॉडेल बंद केले की काही वर्षांनी तुमच्याकडे महागडी रायफल असते आणि एका छोट्या स्प्रिंगपायी ती पडून राहते. घेताना नवा पिस्टन, रेग्युलेटर आणि त्यांच्या स्प्रिंगा जादा घेऊन डब्यात ठेवा. ते मिळत नसतील तर ते मॉडेलच सोडा.

आणि किंमत. साधी, भरवशाची एआर पाचशे-सहाशे डॉलरपासून मिळते. चांगली पिस्टनवाली हजाराच्या पुढे सुरू होते आणि दोन हजार सहज ओलांडते. त्या फरकात चार-पाच उत्तम मॅगझिन, भरपूर काडतुसे, चांगला पट्टा आणि एखाद्या जाणत्या शिक्षकाकडचे दोन-तीन दिवस बसतात. रायफल नीट चालण्याचे श्रेय नव्वद टक्के या गोष्टींना असते, असे माझे मत आहे.

पिस्टनवालीला सफाई लागत नाही, हा आणखी एक गैरसमज. काजळी तिथेही साचते, फक्त जागा बदलते. पिस्टनच्या डोक्यावर, सिलिंडरच्या आत आणि रेग्युलेटरच्या भोकात ती दगडासारखी घट्ट बसते. फौजेत फायरिंगच्या आधी गॅसचे भाग ड्राय क्लीन करतात, कारण तिथे राहिलेले तेल जळून काजळीत मुरते. एआरचा बोल्ट याच्या उलट, त्याला तेल आवडते. म्हणजे एकाच मालकाकडे दोन्ही प्रकार असतील तर सवयी वेगळ्या ठेवाव्या लागतात. टेक्सासच्या समुद्रकिनाऱ्याकडची दमट हवा आपल्या कणकुंबीच्या पावसाळ्यासारखीच लोखंड खाते. रायफल बरेच दिवस ठेवायची असेल तर गॅसच्या भागांवर पातळ तेलाचा हात फिरवा, आणि झाडण्याआधी ते पूर्ण पुसून काढा. एके पद्धतीची घेऊन स्वस्तातली जुनी लष्करी काडतुसे झाडणार असाल, तर त्यातल्या काहींचे प्रायमर, म्हणजे बुडाशी असलेल्या ठिणगीच्या टोप्या, गंज आणणारे क्षार सोडतात. त्या दिवशीच गॅस ट्यूब, पिस्टन आणि नळी गरम पाण्याने धुऊन, वाळवून, तेल लावा. रात्र जाऊ दिली तर सकाळी तांबूस थर दिसेल.

डुकराविषयी एवढेच की पिस्टन की बिनपिस्टन यापेक्षा गोळी कोणती आणि डुकराच्या मागे काय आहे, हे महत्त्वाचे. ५.५६ या एआरच्या नेहमीच्या काडतुसात डुकरासाठी बनवलेली, खोल घुसणारी गोळी वापरा, किंवा .३०० ब्लॅकआउट अथवा .३०८ ही जाड गोळीची काडतुसे चालणारी रायफल घ्या. सेमी-ऑटोमॅटिकचा खरा धोका इथे आहे. कळप पळू लागला की माणूस चाप ओढतच राहतो, आणि पाचवी गोळी कुठे जाते हे त्याला ठाऊक नसते. रायफलीची गोळी चुकली तर पुढे खूप दूर जाते. मागे मातीचा बांध किंवा उतार नसेल तर झाडू नका. रात्री थर्मलमध्ये सगळे गरम ते पांढरे दिसते. डुकराच्या मागच्या झाडीत शेजाऱ्याचे वासरू आहे की माणूस, हे खात्रीने कळल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये.

कायद्याचे दोन शब्द. तुम्ही ग्रीन कार्डावर आहात म्हणून केंद्राच्या कायद्याने तुम्हाला रायफल घेता येते. तुमच्याबरोबर येणारा जो मित्र एच-१बी व्हिसावर आहे, त्याची गोष्ट वेगळी. अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायला सर्वसाधारणपणे मनाई आहे; वैध शिकार परवाना असणे हा त्यातला एक अपवाद. टेक्सासमध्ये २०१९ पासून जमीनमालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला शिकार परवाना लागत नाही, आणि तिथेच आपली मुले फसतात. राज्य मागत नाही म्हणून परवाना काढत नाहीत, आणि केंद्राच्या कायद्यात उघडे पडतात. तुमची रायफल त्याच्या हातात द्यायच्या आधी त्याने परवाना काढलेला असू द्या आणि वकिलाला एकदा विचारा. उद्या नोकरी कॅलिफोर्नियाला, न्यू जर्सीला किंवा इलिनॉयला लागली, तर तिथे या रायफलींवर कडक बंदी आहे, पिस्टन असो वा नसो. घरात लहान मुले आहेत असे तुम्ही लिहिले आहे. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर टेक्सासमध्येही तो गुन्हा आहे. लोखंडी तिजोरी रायफलीच्या आधी घ्या, नंतर नव्हे.

गावी येताना बॅग पूर्ण रिकामी करून, अस्तर चाचपून बघा. रेंजवर नेलेल्या पिशवीच्या कप्प्यात राहिलेले एक काडतूस विमानतळावर सापडले की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता हे पाहून न्यायालयांनी असे कित्येक गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर सुट्टी, नोकरी आणि आईवडिलांची झोप गेलेली असते. रेंजची पिशवी आणि प्रवासाची पिशवी कायमच्या वेगळ्या ठेवा.

आता वडिलांचे. भारतात सेमी-ऑटोमॅटिक रायफल निर्बंधित वर्गात येते. तिचा परवाना बेळगावच्या डीसी ऑफिसच्या हातात नाही, तो विषय केंद्रीय गृहमंत्रालयाचा, आणि शेतराखणीच्या कारणासाठी तो मिळण्याची आशा धरू नये. .३०३ किंवा लष्करी ७.६२ ची काडतुसे चालणाऱ्या बोअरची साधी बोल्टची रायफलही त्याच निर्बंधित वर्गात आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने शेतकऱ्याचा विचार केला आहे, पण वेगळ्या हत्याराने: पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. म्हणजे प्रत्यक्षात एकनळी किंवा दुनळी बाराबोअर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन हत्यारे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे. कोडगूच्या लोकांना परवान्यातून सूट आहे म्हणून आपल्यालाही असेल, असे काही जण खानापूर भागात म्हणतात. ती सूट कोडव समाज आणि जम्मा या तिथल्या पिढीजात वहिवाटीचे जमीनधारक यांच्यापुरती आहे, आपल्याला तिचा काही उपयोग नाही.

आणि परवाना असला तरी डुक्कर मारायची मुभा मिळत नाही. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्याचा. जनावर मारणे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येते. वनखात्याची लेखी परवानगी नसेल तर रानडुकरावर झाडलेली गोळी गुन्हा ठरते, आणि गव्यावर झाडली तर फारच जड जाते, तो पहिल्या अनुसूचीत आहे. भीमगड अभयारण्याला लागून असलेल्या गावांत तर रात्री नुसता बार ऐकू आला तरी चौकशी होते. काही जण गावठी बॉम्ब ठेवतात, काही जण थेट लाइनचा करंट तारेत सोडतात. वडिलांना दोन्हीपासून लांब ठेवा. करंटच्या तारेने डुकराआधी पाणी पाजायला गेलेला माणूस मरतो.

पाठवायचे असतील तर पैसे सौर कुंपणाला पाठवा. त्याच्या यंत्रातून करंट थांबून थांबून, झटक्याने येतो. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. रताळ्याच्या रानाला खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच ठेवायला सांगा, नाहीतर डुक्कर खालून शिरते, आणि तारेखालचे गवत कापत राहावे लागते, नाहीतर पावसाळ्यात करंट जमिनीत उतरतो. वनखात्याकडे अनुदानाची चौकशी करा, आणि नुकसान झालेच तर फोटो आणि उताऱ्यासह भरपाईचा अर्ज वेळेत करा. कर्नाटकात त्यासाठी ई-परिहार ही ऑनलाइन सोय आहे.

तुम्ही लिहिले आहे की वडिलांकडे आजोबांच्या वेळची एकनळी आहे आणि थोडी जमीन चंदगड बाजूला, महाराष्ट्रात आहे. परवान्याची वही उघडून क्षेत्राचा रकाना बघायला सांगा. त्यात फक्त कर्नाटक लिहिले असेल तर ती बंदूक खांद्याला लावून शिनोळीकडे राज्याची हद्द ओलांडणे हा गुन्हा आहे, शेत आपलेच असले तरी. निपाणीहून कोगनोळीमार्गे कोल्हापूरला दुरुस्तीसाठी नेणे हेही त्यातच आले. क्षेत्र वाढवून घेण्यासाठी अर्ज करता येतो; दोन्हीकडच्या जमिनीचे उतारे जोडून कारण नीट लिहावे. निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, तर जमा-पावती जपून ठेवावी आणि परत घेताना क्रमांक ताडून बघावा. परवाना आजोबांच्याच नावावर राहिला असेल आणि बंदूक नुसती घरात असेल, तर ती विनापरवाना ठरते. तसे असल्यास ती आधी ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करा, आणि वारसाहक्काने वडिलांच्या नावे परवान्याचा अर्ज त्यानंतर करा.